बेशुद्ध माणसाच्या उशाशी बोलताना

गेल्या पावसाळ्यात आमच्या अमरावतीच्या वस्तीतील एका तरुणाला मूर्तिजापूरजवळ मोटारसायकलचा अपघात झाला. अकोल्याच्या एका दवाखान्यात त्याला भरती केले. डोक्याला मार लागून तो कोमात गेला होता. खाटेशेजारीच एक नातेवाईक बिलाचा कागद पाहत म्हणाले, "यात आता काई राह्यलं नाई, घरी नेऊ." आईने त्यांचा हात धरला, "हळू बोला ना भाऊ, त्याले आयकू येत असन तं?"

बंधू-भगिनींनो, त्या माउलीचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. जगातले डॉक्टर आज तोच प्रश्न विचारीत आहेत.

ऐकण्याच्या दोन पायऱ्या असतात. आवाज मेंदूपर्यंत पोहोचणे ही पहिली आणि त्याची जाण होणे ही दुसरी. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर 27 नोव्हेंबर 1973 रोजी हल्ला झाला. गळा आवळल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला. त्यांचे डोळे उघडे असत, पण भान नव्हते. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तीन डॉक्टरांनी त्यांना तपासले. आवाज मेंदूकडे नेणारा मार्ग शाबूत आहे, पण जाण असल्याचा निश्चित पुरावा मिळाला नाही, असे त्यांनी नोंदवले. 18 मे 2015 रोजी अरुणाताई गेल्या. तोवर सुमारे 42 वर्षे तेथील परिचारिकांनी त्यांची सेवा केली.

दुसरी पायरी तपासण्यासाठी डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख काढतात. एकसारख्या आवाजात मध्येच वेगळा आवाज ऐकवतात, रुग्णाचे नाव घेतात किंवा "हाताची मूठ उघडा, मिटा" असे सांगतात. हात हलला नाही तरी आलेख बदलतो का, ते पाहतात. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, सांगूनही काहीच हालचाल न करणारे 241 रुग्ण होते. आलेखाने किंवा मेंदूच्या स्कॅनने पाहता त्यांपैकी 60 जणांचा मेंदू सूचना पाळत होता. म्हणजे चौघांत एक!

मात्र आलेखात काही दिसले नाही म्हणून रुग्ण ऐकतच नाही, असे ठरत नाही. त्याच अभ्यासात उघडपणे सूचना पाळणाऱ्या 112 रुग्णांपैकी 43 जणांचाच मेंदू या तपासणीत प्रतिसाद देताना दिसला. आलेख बदलला म्हणजे रुग्ण बरा होणारच, असेही नाही. मेंदूमृत ठरलेल्या रुग्णाची गोष्ट तर वेगळीच. ही तपासणी अजून मुख्यतः संशोधन करणाऱ्या मोठ्या केंद्रांतच होते.

पण आपल्या हातची गोष्ट बिनपैशाची आहे. डॉक्टरांना विचारून जवळ जा. घरच्या नावाने हाक मारा. आपण कोण, आज वार कोणता, तो कुठे आहे, हे शांतपणे सांगा. खर्चाचे, वाटणीचे, मरणाचे बोलणे खोलीबाहेर करा. पापणी किंवा बोट हललेले दिसले तर वेळ लिहून ठेवा आणि सिस्टरला सांगा. अंगारे-धुपाऱ्यापेक्षा ही नोंद डॉक्टरांच्या कामी येईल.

तो तरुण वाचला नाही. नऊ दिवस आई त्याच्याशी बोलत होती. त्याने ऐकले की नाही, कोणी सांगू शकत नाही. पण ऐकले असेल, तर शेवटी त्याच्या कानी आईचा आवाज होता, बिलाचा आकडा नव्हता.