बत्तीस डोकी

पहाटे ४.४५

रविवारी गजर लावावा लागत नाही. आठवड्याचे सहा दिवस एका कर सल्लागाराच्या ऑफिसात हिशेब लिहिते, तेव्हा सातलाही उठवत नाही. आज आपोआप डोळे उघडले. बाहेर नागपूरची जानेवारीतली थंडी. रात्रीच भरून ठेवलेली पिशवी पुन्हा एकदा तपासली. ओआरएसची पाकिटं, जखमेच्या पट्ट्या, उलटीसाठी पिशव्या, आवळा सुपारी, दोन जादा स्वेटर, मुलींसाठी सॅनिटरी पॅड. आज मुलांची सहल जिथे न्यायची त्या गिरडचं आरोग्य केंद्र आणि पोलीस ठाणं यांचे नंबर फोनमध्ये आहेतच, पण एका कागदावरही लिहून घेतले. शेवटी आईवडिलांची संमतीपत्रं मोजली. बत्तीस.

ही मोजामोजी मी कधीच कंटाळून करत नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरुडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले पुण्याचे १४ विद्यार्थी बुडाले. ती बातमी वाचल्यापासून ‘सहल’ म्हटलं की मला आधी आकडा आठवतो. दुसऱ्याचं लेकरू सकाळी हाताला धरून न्यायचं आणि संध्याकाळी त्याच हातात परत द्यायचं, या कामासाठी मोजणं तरी यायलाच हवं.

सकाळी ६.१५

शाळेच्या फाटकाशी अंधारातच निम्मी मुलं येऊन बसलेली. महापालिकेची शाळा, पाचवी ते सातवीची मुलं, बहुतेक जवळच्या दोन वस्त्यांतली. एकाला मी विचारलं, “इतक्या लवकर कसा आलास?” तर म्हणाला, “झोपलोच नाई जी.” त्याचा चेहरा पाहून खरंच वाटलं.

आम्ही मोठे पाच जण. दोघं कॉलेजात शिकतात, एक निवृत्त पोस्टमन काका आहेत, एक नर्सताई आणि मी. महिन्यातून एकदा, कधी दोनदा, असं हे सातवं वर्ष. बस एका शाळेचीच. मालक रविवारी ती डिझेल आणि ड्रायव्हरच्या पैशांत देतो. बाकीचा खर्च ओळखीपाळखीचे लोक वाटून घेतात.

प्रत्येक मोठ्याच्या वाट्याला सहा-सात मुलं, आणि त्यांची नावं त्याला पाठ असायलाच हवीत, हा आमचा एकमेव कडक नियम. शिट्टी मी कधीच वापरत नाही. नावानं हाक मारली की मूल वळून पाहतं. शिट्टी वाजली की ते नुसतं थांबतं.

सकाळी ७

उमरेड रस्ता. पुढच्या दोन बाकांवर उलटी होणारी मंडळी, खिडक्या उघड्या. गाणी सुरू झाली, भांडणं झाली, डबे उघडले. घरून डबा आणू नका म्हणून सांगितलेलं असतं, तरी निम्म्यांच्या आयांनी पहाटे उठून काहीतरी बांधून दिलेलंच असतं. ते वाटून संपेपर्यंत उमरेड जवळ आलं.

उमरेडच्या कोळसा खाणीवरून काढलेल्या मातीचे ढीग दिसले तसा बसमध्ये एकच गिल्ला झाला, “आलं, आलं गिरड!” ज्यांनी टेकडी कधी जवळून पाहिलीच नाही त्यांना ढीग आणि टेकडी सारखीच. पोस्टमन काकांनी त्यांना उघड्या खाणीचं सांगितलं. कोळशाच्या वरची माती आधी काढावी लागते, ती अशी बाजूला रचतात, आणि असल्याच कोळशावर आपल्या कोराडीची वीज होते. एकानं विचारलं, “मग खड्डा किती मोठा असन?” तो प्रश्न मला फार आवडला. ढीग पाहून खड्ड्याचा अंदाज घेणं आम्ही शिकवलं नव्हतं.

उमरेडला पोहे, चहा, शौचालय. मोजले, बत्तीस.

सकाळी ८.४५

उमरेडच्या पुढं वाघाची चौकशी सुरू झाली. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य याच भागातलं. ‘जय’ नावाचा तो प्रचंड वाघ इथेच असायचा, २०१६ मध्ये दिसेनासा झाला तो पुन्हा दिसलाच नाही. सहावीतल्या एका मुलाला जयची सगळी माहिती होती. कोणत्या मामाकडून ऐकली कोण जाणे. “तो गेला कुठी, ताई?” “माहीत नाही.” “कोणालेच नाई?” “कोणालाच नाही.” मग बराच वेळ तो खिडकीतून झाडीकडे पाहत राहिला.

गिरड दोन-तीन किलोमीटरवर राहिलं असताना कापसाचं एक वावर लागलं, अजून वेचणी चाललेलं. बस थांबवली. धुऱ्यावर उभं राहून वेचणाऱ्या मावशींना विचारलं, पोरं दहा मिनिटं येऊ देत का? त्या हसल्या. “येऊ द्या ना जी, पऱ्हाटी मोडू नका म्हणजे झालं.”

मुलं ओळीत शिरली. बोंडातून कापूस ओढताना टोकं बोटाला लागतात, हे एकेकाला कळत गेलं. मावशींचे हात मात्र दोन्ही बाजूंनी चालत होते, न पाहता. एका मुलीनं कापूस पिंजून पाहिला आणि ओरडली, “ह्याच्यात बिया आहेत!” मावशी म्हणाल्या, “सरकी ते. ढेपही त्याचीच होते, म्हशीले घालतो.” एक मुलगा आपल्या शर्टाचं टोक हातात धरून कितीतरी वेळ उभा होता.

याच वर्धा जिल्ह्यात १९३७ च्या ऑक्टोबरात गांधीजींनी देशभरातल्या शिक्षणाच्या जाणकारांना बोलावून नई तालीमचा विचार मांडला. हातानं काम करता करता शिकायचं, आणि त्यात टकळी-चरखा मध्यभागी. मला त्या सगळ्या विचाराचं ओझं दहा मिनिटांच्या कापूस वेचणीवर टाकायचं नाही. पण ओढलेला कापूस तळहातावर ठेवून मूल जे पाहतं, ते पुस्तकातल्या ‘कापूस हे नगदी पीक आहे’ या वाक्यात नाही, एवढं मी रोज हिशेब लिहिणारी बाईसुद्धा सांगू शकते.

सकाळी ९.४५

गिरड. समुद्रपूर तालुक्यातलं गाव, आणि गावापेक्षा ओळखीची त्याची टेकडी. वर बाबा फरीदांचा दर्गा. इंग्रजांच्या काळातल्या जुन्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे की शेख ख्वाजा फरीद तीस वर्षं फकीर म्हणून फिरल्यावर सुमारे १२४४ मध्ये इथे येऊन राहिले. ज्यांची वचनं गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहेत तेच हे बाबा फरीद, अशी इथली श्रद्धा. हिंदू आणि मुसलमान दोघंही येतात, नवस बोलतात, फेडतात. पायथ्याशी चुली मांडून नवसाचा स्वयंपाक करणारी कुटुंबं आताही होती.

मागच्या रविवारी आम्ही दोघं येऊन जागा पाहून गेलो होतो. पाणी कुठे, मुलींना जायला जागा कुठे, उन्हाला सावली कुठे, बस कुठून वळेल. सहलीचं अर्धं काम त्या दिवशी झालेलं असतं.

सकाळी १०

चढ. जी मुलं शाळेत मागच्या बाकावर बसतात ती इथे सगळ्यात पुढे. वाटेच्या कडेला बोरीची झाडं, त्यामुळे अर्ध्या तासाच्या चढाला तास लागला, आणि कोणी घाई करायची नाही हे ठरलेलंच होतं. शहरात या मुलांना कोणी ना कोणी सतत हाकत असतं. रस्त्यातून बाजूला हो, नळावरून लवकर ये, ऑटो येतोय, चल. इथे एक मुलगी मुंग्यांच्या रांगेपाशी बसली ती बसलीच. नर्सताईही तिच्याशेजारी बसल्या. त्यांना त्या रविवारी दुसरं काम नव्हतं.

आणि मग ते दगड. टेकडीभर विखुरलेले, गोल, जायफळाएवढे, सुपारीएवढे, काही त्याहून मोठे. मुलांनी मुठी भरायला सुरुवात केली तसं मी सगळ्यांना खाली बसवलं.

आधी गोष्ट सांगितली. दोन व्यापारी माल घेऊन इथून चालले होते. त्यांनी फकिराची टिंगल केली. त्या क्षणी त्यांचा सगळा माल दगड झाला, आणि तोच हा इथे पसरलेला. मग दुसरी गोष्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या सगळ्या मुलखावर लाव्हारस पसरला, थरावर थर. आंबवलेल्या पिठात बुडबुडे येतात तसे त्या रसात वाफेचे बुडबुडे अडकले. रस गोठला, पोकळ्या राहिल्या. लाखो वर्षं पाणी झिरपत राहिलं आणि पाण्यातल्या क्षारांनी त्या पोकळ्या भरल्या. त्या खनिजांना झिओलाइट म्हणतात. पुढे काळा दगड उन्हापावसानं झिजून माती झाला आणि आतल्या गोळ्या तेवढ्या मोकळ्या होऊन उरल्या.

“मग खरं कोणतं?” दोघातिघांनी एकदम विचारलं. मी म्हणाले, दगड कसा झाला ते दुसऱ्या गोष्टीत आहे. पहिली गोष्ट लोकांनी इतकी वर्षं का सांगितली, ते तुम्ही शोधा.

यावर मुलं काय म्हणतील याचा मला अंदाज असतो. वाघाचं, भुताचं, सिनेमातलं काहीतरी. पण मुंग्यांपाशी बसलेली ती सातवीची मुलगी म्हणाली, “टिंगल केली म्हणून सगळा माल दगड? मग त्याच्या घरी पोरायनं काय खाल्लं असन?”

कोणी हसलं नाही. तिचे वडील हातठेल्यावर प्लॅस्टिकच्या वस्तू आणि खेळणी विकतात. दोन पावसाळ्यांपूर्वी एका रात्री भाड्याच्या खोलीत पाणी शिरून ठेवलेला सगळा माल वाहून गेला, हे मला ठाऊक होतं. एका रात्रीत माल जाणं म्हणजे काय हे त्या घोळक्यात बऱ्याच जणांना ठाऊक असावं. एक मुलगा म्हणाला, “उधारीचा असन माल तर अजूनच.” दुसरा म्हणाला, “बाबानं नंतर परत केला असन. गोष्टीत सांगितलं नसन.” मग त्यावरच बराच वेळ बोलणं चाललं. मी गप्प राहिले. या गोष्टीवर मी गेली कित्येक वर्षं फक्त फकिराच्या बाजूनं विचार केला होता.

शेवटी एवढंच सांगितलं की दगड हातात घ्या, बघा, आणि होता तिथे ठेवा. प्रत्येकानं एक नेला तर पुढच्या मुलांना टेकडी राहणार नाही.

वर दर्ग्यात डोकी झाकून, चपला बाहेर ठेवून सगळे गेले. एका कुटुंबानं बत्तिसांच्या हातावर मलिदा ठेवला.

दुपारी १२.३०

खाली वांग्याची भाजी, वरण-भात, पोळ्या. लगोरी आणि खो-खो त्याआधीच सुरू झालेलं. लगोरीला आम्ही लाकडी ठोकळे बरोबर आणतो.

पंगत बसली तेव्हा मी मोजलं. तेहतीस. पुन्हा मोजलं. तेहतीस. कमी भरले तर काय करायचं याची तयारी माझ्या पिशवीत लिहून ठेवलेली असते, जास्त भरले तर काय करायचं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. शेवटी कळलं. गावातला एक मुलगा खो-खोत शिरला होता, सगळ्यांत चपळ म्हणून आमच्या मुलांनी त्याला सोडलंच नाही, आणि पानावरही बसवला. “आईला विचारलंस का रे?” त्यानं दूर चुलीशी नारळ फोडणाऱ्या बाईकडे बोट केलं. तिनं तिथूनच हात हलवला. त्याला दुसऱ्यांदा भात वाढला.

जेवणानंतर तासभर काहीही ठरवलेलं नसतं. तो तास मी कोणत्याही दबावाखाली सोडत नाही. एका शाळेनं आम्हाला सांगून पाहिलं होतं की सहलीनंतर मुलांकडून निबंध लिहून घ्या, वेळेचा उपयोग होईल. मी नाही म्हटलं. या मुलांना आठवड्यात किती गोष्टींचा हिशेब द्यावा लागतो, ते मी पाहते. त्यांच्या एका रविवारचाही हिशेब कोणी मागू नये, म्हणून तर आम्ही त्यांना घेऊन इथवर येतो. मजा झाली, एवढं पुरे आहे.

झाडाखाली चार जण पालथे झोपले. दोघी नर्सताईंच्या केसांत फुलं खोचत होत्या. बाकीचे गावच्या मुलाकडून विटी हवेतच टोलवायला शिकत होते.

दुपारी ३.३०

निघालो. मोजले, बत्तीस. तेहतिसावा बसच्या मागे थोडं धावला.

दुपारी ४.३०

बस निजली. खांद्यांवर खांदे, तोंडं उघडी. ड्रायव्हरनं आपणहून गाणी बंद केली.

संध्याकाळी ६.१०

फाटकाशी आया, आज्या, एक-दोन वडील, धाकटी भावंडं. कागदावर एकेकाच्या पालकाची सही. एक आजी मला म्हणाल्या, “तुम्ही थकले असान, घरी या, चहा घ्या.” पुढच्या वेळी येते म्हटलं. खरंच जाणार आहे.

शेवटी ती सातवीची मुलगी उरली. तिची आई कामावरून यायची होती. आम्ही दोघी पायरीवर बसलो. अंधार पडला तशी तिनं स्वेटरच्या खिशातून मूठ काढून माझ्यासमोर उघडली. जायफळाएवढा एक दगड.

“मी घेतला होता जी. आता वापस द्यावं वाटून राहिलं.”

“का गं?”

“कोण्या व्यापाऱ्याचा असन तर.”

तिची आई आली, सही झाली, दोघी गेल्या. दगड मी संमतीपत्रांच्या पाकिटात ठेवला आहे. पुढच्या रविवारी गिरडला जायचं आमचं ठरलेलं नव्हतं. रात्री पोस्टमन काकांना फोन केला.