संक्रांतीची ऑर्डर आणि गेलेली लाईट

उद्या तिळगुळाची ऑर्डर द्यायचीय आणि आज लाईट गेली, मग? हिवाळ्यात गहू-हरभऱ्याला पाणी द्यायला कृषिपंप जोरात चालतात, रोहित्रावर लोड येतो. ते जळालं की दिवस वाया गेलाच समजा.

बॅटरी घ्यायला जाण्याआधी हिशोब स्वतः करा. १२ व्होल्ट, १५० एएच म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. प्रत्यक्षात हजार-बाराशेच धरा, कडाक्याच्या थंडीत आणखी कमी. तुमचं सीलिंग मशीन ३०० वॅटचं आणि दिवे ५० वॅटचे असतील, तर तीन तास निघतील. फ्रीजरची मोटर मात्र सुरू होताना कितीतरी पट करंट ओढते. तिथे छोटा इन्व्हर्टर ट्रिप होतो. थ्री-फेज चक्कीचं तर नावच नको.

त्यासाठी मंडपवाल्याचा जनरेटर बघा. पौषात लग्नं फारशी नसतात, त्यामुळे भाव करायला वाव असतो. (डिझेल कोणाचं, ते आधीच ठरवा!) भाडं नफ्यातून वजा करून परवडत नसेल, तर दळण-कुटण दोन दिवस आधी उरकणं स्वस्त.

आणि थंडी वाजते म्हणून शटर ओढून जनरेटर आत चालवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस बसल्या जागी जातो. जोडणी वायरमनकडून, चेंजओव्हर स्विच लावूनच करा. नाहीतर तुमची वीज उलटी लाईनवर जाते आणि तिकडे खांबावर कुणीतरी दुरुस्तीला चढलेला असतो.