निवृत्तिवेतनाचा हिशेब

शिक्षकाच्या नोकरींत वैभव नाहीं, परंतु म्हातारपणाची चिंता नाहीं, असें आपल्याकडील वडील माणसें म्हणत असत. आणि त्या भरंवशावर कित्येक घरांनीं आपल्या मुलामुलींना या मार्गाला लाविलें. आज ज्या एकत्र कुटुंबांत सासरे आणि सून हीं दोघेंही अध्यापनांत आहेत, तेथें या भरंवशांत पडलेलें अंतर एकाच पंगतींत दिसून येतें. सासऱ्यांना निवृत्तीनंतर शेवटच्या वेतनाच्या निम्मी रक्कम व तीवर महागाईभत्ता जन्मभर मिळतो. सुनेला मात्र आपल्या उतारवयाचा अंदाज बाजारभावावर बांधावा लागला. हें अंतर कसें पडलें आणि तें बुजविण्यास काय किंमत पडते, याचा आज थोडा विचार करूं.

१ नोव्हेंबर २००५ ही या प्रकरणांतील सीमारेषा होय. त्या दिवसापासून नेमलेल्या शासकीय नोकरांना व अनुदानित शाळांतील शिक्षकांना महाराष्ट्र सरकारनें जुनें निवृत्तिवेतन बंद केलें. त्याऐवजीं वेतन व महागाईभत्ता मिळून होणाऱ्या रकमेच्या शेंकडा १० शिक्षकानें द्यावयाचे, सरकारनें तितकीच भर घालावयाची, आणि सांठलेली पुंजी रोख्यांत व शेअरबाजारांत गुंतवावयाची, अशी व्यवस्था आली. पुढें सरकारचा वांटा शेंकडा १४ झाला. पण सरकार वांट्याचें वचन देई, निवृत्तिवेतनाचें नव्हे.

एक कल्पित उदाहरण घेऊं. शेवटचें मूळ वेतन ६०,००० रुपये असेल, तर जुन्या नियमानें दरमहा ३०,००० रुपये व वर महागाईभत्ता मिळेल. नव्या व्यवस्थेंत पुंजी ४० लाख झाली व तींतील शेंकडा ४० म्हणजे १६ लाख वार्षिकीसाठीं ठेविले, तर शेंकडा ६ दरानें दरमहा ८,००० रुपये पदरांत पडतात. उरलेले २४ लाख हातीं येतात हें खरें; परंतु घरांत मुलीचें लग्न किंवा कोणाचें दुखणें निघालें, म्हणजे ही रक्कम किती दिवस पुरेल, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. शिवाय धान्याचे भाव वाढले तरी त्या ८,००० रुपयांत वाढ होईलच असें नाहीं.

आतां दुसरी बाजू पाहूं. २१ डिसेंबर २०२२ रोजीं नागपुरास हिवाळी अधिवेशन चालू असतां, त्या वेळचे उपमुख्यमंत्री व अर्थमंत्री श्री. देवेंद्र फडणवीस यांनीं सांगितलें कीं, जुनी योजना पुन्हां आणल्यास १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडून राज्य दिवाळखोरींत जाईल. या आकड्यानें नागपूरकर शिक्षकांचें समाधान झालें नाहीं. फेब्रुवारी २०२३ मध्यें नागपूर शिक्षक मतदारसंघांत श्री. सुधाकर अडबाले यांनीं त्या वेळचे आमदार श्री. नागो गाणार यांचा पराभव केला. त्या निवडणुकींत पेन्शन हाच मुख्य प्रश्न होता. पुढें १४ मार्चपासून राज्यभर संप झाला. तो ऐन परीक्षांच्या हंगामांत सात दिवस चालला, आणि मुलें व पालक दोघेंही काळजींत पडलीं.

सरकारचें भय खोटें म्हणतां येत नाहीं. जुन्या योजनेंत आगाऊ सांठा नसतो. आजच्या निवृत्तांचा खर्च आजच्या करांतून भागवावा लागतो. ती पुन्हां सुरू केली म्हणजे शेंकडा १४ चा वांटा आज वांचतो, म्हणून आरंभीं लाभच दिसतो; परंतु २००५ नंतरची पिढी मोठ्या संख्येनें निवृत्त होऊं लागली म्हणजे खरें देणें दारांत उभें राहतें. रिझर्व्ह बँकेनेंही जानेवारी २०२३ मधील राज्यांच्या अर्थकारणावरील अहवालांत हाच इशारा दिला. आज शाळेंत बसलेलीं मुलें उद्यां तें देणें फेडतील, आणि त्यांच्याच शाळांच्या इमारतींस व नव्या शिक्षकांस पैसा कमी पडण्याचा संभव राहील.

यांतून २०२४ मध्यें मधला मार्ग निघाला. १ मार्च रोजीं मुख्यमंत्री श्री. एकनाथ शिंदे यांनीं सुधारित योजना जाहीर केली, आणि केंद्रानें एकीकृत निवृत्तिवेतन योजना मंजूर करतांच दुसऱ्याच दिवशीं, म्हणजे २५ ऑगस्टला, राज्य मंत्रिमंडळानेंही ती स्वीकारली. केंद्राच्या योजनेंत नोकराची वर्गणी कायम आहे, पण पंचवीस वर्षें सेवा झाल्यास शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्याची हमी आहे. आणि निवृत्ताच्या मृत्यूनंतर जोडीदारास त्या निवृत्तिवेतनाच्या शेंकडा ६० मिळतात.

आम्हांस हा मार्ग न्यायाच्या जवळचा वाटतो, कारण त्यांत भार दोघांनींही उचलावयाचा आहे. तथापि एक गाऱ्हाणें उरतेंच. कित्येक शिक्षक २००५ पूर्वींच लागले, परंतु त्यांच्या शाळांना पूर्ण अनुदान मागाहून मिळालें. सेवा जुनी असूनही त्यांना नव्यांत गणलें गेलें. शाळेस अनुदान केव्हां मिळावें हें कांहीं शिक्षकाच्या हातीं नव्हतें.

ज्या घरांत असा शिक्षक किंवा शिक्षिका असेल, तेथें वडील मंडळींनीं एखादे सायंकाळीं खात्याचा उतारा, वारसाची नोंद व आपल्या शाळेस लागू असलेला आदेश पाहून ठेवावा. कारण पेन्शनीचा हिशेब निवृत्तीच्या दिवशीं मांडावयास बसणाऱ्याच्या हातीं वेळ उरत नाहीं. आणि ज्यानें तीस वर्षें दुसऱ्यांच्या मुलांस गणित शिकविलें, त्याच्याच घरांत हें गणित चुकूं नये.