एका कायदेमंत्र्याचा राजीनामा

आमच्या शहापूर-मुरबाडकडे जमिनीची गोष्ट निघाली की ती तलाठ्याच्या दप्तराशी येऊन थांबते. सातबाऱ्यावर कोणाचे नाव आहे आणि कोणाचे नाही, यावर घरे जुळतात आणि मोडतात. त्या उताऱ्यावर आज बहिणीचे नाव भावाच्या बरोबरीने लागू शकते. हे कसे घडले याचा माग काढू लागलो, म्हणजे आपण १९५१ सालच्या एका राजीनाम्यापाशी येऊन पोचतो.

तो राजीनामा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा. बाबासाहेब स्पष्टवक्ते होते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्यांच्या बोलण्यामागे बहुधा एक लिहिलेला मसुदा असे, हे आपण विसरतो. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. त्या काळी रत्नागिरी, कुलाबा आणि ठाणे जिल्ह्याच्या काही भागांत खोती होती. सरकार आणि कूळ यांच्यामधला धनी तो खोत. ही पद्धत मोडण्याचे विधेयक त्यांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात मांडले. जानेवारी १९३८ मध्ये हजारो कुळांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. विधेयक तेव्हा पार पडले नाही. खोती गेली ती पुढे १९४९ च्या कायद्याने.

१९४२ साली त्यांचा नवा पक्ष निघाला, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन. १९४७ मध्ये, काँग्रेसचे विरोधक असूनही, ते नेहरूंच्या मंत्रिमंडळात कायदेमंत्री झाले. तिथे त्यांनी हिंदू कोड बिल हाती घेतले. मुलीला वारसा, स्त्रीला घटस्फोटाची वाट आणि पुरुषाला एकच पत्नी, असे त्याचे स्वरूप थोडक्यात सांगता येईल. १९४८ मध्ये ते प्रवर समितीकडे गेले. विरोध बाहेरून झाला, तसा सत्तारूढ पक्षातूनही झाला. अखेर सप्टेंबर १९५१ मध्ये चार कलमे संमत झाली आणि बिल बाजूला पडले.

२७ सप्टेंबरला बाबासाहेबांनी राजीनामा दिला. १० ऑक्टोबरला संसदेत निवेदन करायचे, तर त्याची प्रत आधी द्या, असे उपसभापतींनी सांगितले. त्यांनी ते मानले नाही. सभागृहाबाहेर पडून लेखी निवेदन वृत्तपत्रांच्या हाती दिले.

ते निवेदन म्हणजे नुसता संताप नव्हे. महत्त्वाचे खाते न मिळणे, दलितांची उपेक्षा, परराष्ट्र धोरण आणि हे बिल, अशी कारणे त्यात क्रमाने मांडली आहेत. पंतप्रधानांच्या प्रामाणिकपणावर त्यांनी संशय घेतला नाही. निर्धार उणा पडला, एवढेच म्हटले. स्त्री-पुरुषांतली विषमता तशीच ठेवून आर्थिक कायदे करणे म्हणजे उकिरड्यावर वाडा बांधणे, अशा अर्थाचे त्यांचे शब्द होते.

किंमत मोजावी लागलीच. १९५२ ची लोकसभा निवडणूक ते हरले, १९५४ मध्ये भंडाऱ्यातही हरले. राज्यसभेत मात्र त्यांचा आवाज राहिला. आणि बिलाचे काय झाले? १९५५-५६ मध्ये त्यातूनच चार वेगवेगळे कायदे झाले. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये आला.

आता पुन्हा आपल्या तालुक्यांत येऊ. समृद्धी महामार्गासाठी शहापूर तालुक्यातल्या जमिनी गेल्या. अशा वेळी मोबदला येतो आणि त्याबरोबर बहिणीपुढे हक्कसोडपत्रही येते. वर्गात मी हा विषय काढला, की मुली माना खाली घालतात. "भावाशी वैर कोण घेणार, सर?" असे एखादी हळूच विचारते. प्रश्न खरा आहे. कोणी राजीखुशीने हक्क सोडला, तर तो तिचा अधिकार. पण सही करण्यापूर्वी तिला कागद वाचून तरी दाखवावा. ज्या हक्कासाठी एका मंत्र्याने खुर्ची सोडली, तो भाऊबिजेच्या साडीवर सोडून दे, असे बहिणीला सांगण्याआधी भावानेही घटकाभर विचार करावा.