जागं होण्याची किंमत

संगणकातल्या दोन चिपांना जोडणारी वाट रिकामी असली तरी वीज खाते. साटा, पीसीआय एक्स्प्रेस, यूएसबी 3 या साऱ्या वेगवान सिरियल वाटांवर माहिती नसतानाही दोन्ही टोकं एकमेकांना भरताडाचे संकेत पाठवत राहतात. ते थांबले, तर घेणाऱ्या टोकाचं घड्याळ पाठवणाऱ्याशी जुळलेलं राहत नाही. म्हणजे डिस्क काहीच वाचत नसली, तरी तिच्या लिंकचे ट्रान्समीटर चालूच.

यावर मानकांनी झोपेच्या पायऱ्या दिल्या. साटामध्ये ‘पार्शल’ आणि ‘स्लंबर’. पार्शलमधून लिंक 10 मायक्रोसेकंदांच्या आत परतते, स्लंबरमधून परतायला 10 मिलिसेकंदांपर्यंत मुभा आहे. दोन पायऱ्यांत हजारपटीचं अंतर. पीसीआय एक्स्प्रेसमध्ये एल-झीरो-एस आणि एल-वन, आणि पुढे एल-वनच्या आणखी खोल उपपायऱ्या, ज्यांत संदर्भ घड्याळसुद्धा थांबवता येतं. यूएसबी 3मध्ये यू-वन, यू-टू, यू-थ्री. सिग्नलला इंजिन बंद करणाऱ्या रिक्षावाल्याचं गणित इथेही लागू आहे: थांबा किती वेळाचा, आणि पुन्हा चालू करायला किती खर्च.

हार्डवेअर सोय देतं. ती कोणी वापरायची, कोणाला विचारून, आणि बिघडलं तर कोणी निस्तरायचं, हे ऑपरेटिंग सिस्टीमच्या आतल्या इंटरफेसवर ठरतं. लिनक्स कर्नलमध्ये हा इंटरफेस कसा घडत गेला, याची नोंद सर्वांसमोर आहे. ती वाचताना एक मत माझ्या मनात पक्कं झालं: ड्रायव्हरला ‘कोणत्या पायरीवर झोपायचं’ असं विचारणं हाच चुकीचा प्रश्न आहे. त्याला विचारायला हवं, ‘तुला किती उशीर चालेल?’

साटापासून सुरुवात करू. 2008च्या जानेवारीत आलेल्या 2.6.24 कर्नलमध्ये इंटेलच्या क्रिस्टन कार्लसन अकार्डी यांचं काम दाखल झालं. प्रत्येक पोर्टसाठी एक फाइल, तिच्यात तीन शब्दांपैकी एक लिहायचा: कमाल कामगिरी, मध्यम वीज, किमान वीज. वापरणाऱ्याच्या बाजूने इतका सोपा इंटरफेस क्वचित मिळतो. आतली बाजू मात्र ठिसूळ होती. 2010मध्ये तेजुन हिओ यांनी हा भाग नव्याने लिहिला आणि सोबतच्या टिपणीत जुन्याचे दोष एकेक करून मांडले. ड्रायव्हर लिहिणाऱ्या प्रत्येकाने ती टिपणी वाचावी असं मला वाटतं, कारण त्यातले दोष साटापुरते नाहीत.

पहिला दोष क्रमाचा. कंट्रोलरला ‘लिंक झोपव’ असं सांगण्याआधी, कोणत्या झोपेला परवानगी आहे हे लिंकच्या नियंत्रण रजिस्टरमध्ये लिहायला हवं. जुना कोड उलट्या क्रमाने जात होता. दुसरा दोष, अंमलबजावणी पोर्टला चिकटवली होती, लिंकला नाही. एका पोर्टमागे मल्टिप्लायर लावून अनेक डिस्क जोडल्या, की लिंकही अनेक होतात आणि ती मांडणी कोलमडते. तिसरा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. काही कारणाने लिंक रीसेट झाली, की हार्डवेअर झोपेच्या सेटिंग विसरतं, पण कर्नलच्या नोंदीत जुनंच धोरण राहतं. नोंद एक सांगते, लिंक दुसरंच करते. हिओ यांनी सारी हालचाल त्रुटीनिवारणाच्या एकाच वाटेने नेली. रीसेट कुठूनही होवो, त्यानंतर धोरण पुन्हा लावलं जाणारच. ड्रायव्हरकडे एकच काम उरलं: सांगितलेली पायरी आपल्या कंट्रोलरवर कशी लावायची.

यात एक तोटा आहे, आणि तो कुठल्याही कोडने पुरता जात नाही. लिंक झोपते-उठते तेव्हा ‘जोडणी बदलली’ असाच इशारा उमटतो. म्हणून झोप चालू असताना तो इशारा दाबून ठेवावा लागतो, आणि मग चालू संगणकात खरोखर डिस्क काढली किंवा लावली तरी कळत नाही. लॅपटॉपवर याने कोणाचं अडत नाही. जिथे चालू असतानाच डिस्क बदलाव्या लागतात, त्या सर्व्हरवर अडतं. एकच धोरण सर्व पोर्टांना लावू नये, ते यासाठी.

पीसीआय एक्स्प्रेसची गोष्ट जास्त गुंतागुंतीची, कारण तिथे फर्मवेअर हा तिसरा भिडू आहे. तिथल्या लिंक झोपवणाऱ्या एएसपीएम नावाच्या सोयीचा आधार शाओहुआ ली यांनी 2008मध्ये कर्नलमध्ये आणला. गणित पाहण्यासारखं आहे: प्रत्येक उपकरण आपल्याला चालणारा उशीर जाहीर करतं, प्रत्येक लिंक जागं व्हायला लागणारा वेळ जाहीर करते, आणि मूळ पोर्टपर्यंतच्या वाटेवरच्या प्रत्येक स्विचमागे एल-वनसाठी एक मायक्रोसेकंद जास्त धरला जातो. बेरीज मर्यादेत बसली तरच झोप. ड्रायव्हरचा या गणिताशी संबंधच येत नाही, आणि ते योग्यच आहे.

पण फर्मवेअर ‘ही सोय इथे नाही’ म्हणत असेल तर? 2011च्या मार्चमध्ये आलेल्या 2.6.38 कर्नलने अशा मशिनांवर, फर्मवेअरने स्वतःच चालू करून ठेवलेली झोपही पुसून टाकली. अनेक लॅपटॉपांची बॅटरी लवकर उतरू लागली. त्या वर्षाअखेर मॅथ्यू गॅरेट यांनी विंडोजच्या वागण्यावरून निष्कर्ष काढला: फर्मवेअरने नियंत्रण दिलं नसेल, तर हात लावायचा नाही, पुसायचंही नाही. ‘मला परवानगी नाही’ आणि ‘हे बंद कर’ यांतला फरक इंटरफेसमध्ये नव्हता, म्हणून हा घोळ.

याच भागातली आणखी एक उणीव बरीच वर्षं राहिली. आपल्या लिंकची झोप बंद करण्याची विनंती ड्रायव्हर करू शकत होता, पण ती मानली गेली की नाही हे फंक्शन सांगतच नव्हतं. रिअलटेकच्या नेटवर्क चिपांचा ड्रायव्हर सांभाळणाऱ्या हायनर कालवाइट यांनी 2019मध्ये ते बदललं. तेव्हापासून नकार आला तर ड्रायव्हरला कळतं आणि तो त्याप्रमाणे वागू शकतो.

यूएसबी 3साठी 2012मध्ये सारा शार्प यांनी केलेली मांडणी मला यातली सर्वांत विचारपूर्वक वाटते. झोप ‘बंद’ करण्याला तिथे मोजणी आहे. दोन ठिकाणांहून बंदची मागणी आली, तर दोघांनी ती मागे घेतल्यावरच लिंक पुन्हा झोपायला मोकळी होते. साधी ‘चालू-बंद’ खूण ठेवली असती, तर पहिल्याने चालू म्हणताच दुसऱ्याचं काम मोडलं असतं. शिवाय उपकरणाची मांडणी बदलली, की झोप आधी बंद होते आणि उशिराचं गणित नव्याने होतं.

राहता राहिली सदोष उपकरणं. बहुतेक उत्पादक विंडोजवर तपासणी करतात, त्यामुळे मानकात लिहिलेली पायरी आणि प्रत्यक्ष चालणारी पायरी यांत फट असते. काही एसएसडींवर साटाच्या ‘किमान वीज’ धोरणाने डेटा खराब झाल्याच्या तक्रारी आल्या. हान्स द खूदे यांनी मग चौथं धोरण पुढे नेलं: मध्यम वीज, अधिक डिस्कला स्वतःहून झोपण्याची मुभा, म्हणजे इंटेलचा विंडोज ड्रायव्हर मुळातच करतो तेच. त्यांनी दिलेला आकडा बोलका आहे. स्वस्थ बसलेला अल्ट्राबुक साधारण 6 वॅट घेतो, आणि अनेक लॅपटॉपांवर या बदलाने त्यातले 1 ते 1.5 वॅट वाचतात. फेडोरा 28ने 2018मध्ये लॅपटॉपांवर हे आपोआप चालू केलं. त्याच्या दहा वर्षं आधी आलेली सोय सामान्य वापरणाऱ्यापर्यंत पोचली ती तेव्हा. आपण होऊन चालू न होणारी वीजबचत बहुतेकांच्या वाट्याला येतच नाही.

जी उपकरणं तरीही बिघडतात, त्यांची नावं कर्नलमधल्या अपवादांच्या यादीत जातात. पुण्यात, बंगळुरात किंवा परदेशात ड्रायव्हर लिहिणाऱ्या मराठी तरुणांना माझी विनंती आहे: अशी नोंद घालताना मॉडेलसोबत फर्मवेअरची आवृत्ती, कोणत्या पायरीवर बिघाड झाला आणि तो कसा दिसला, हेही लिहा. नुसतं ‘झोप बंद’ लिहिलेली ओळ, सदोष फर्मवेअर दुरुस्त झाल्यावरही, काढायला कोणी धजत नाही.