हिब्रू ग्रंथ, मराठी वाणी

बायबलच्या मराठी अवतारामागे मिशनरी, पंडित, कोकणातले बेने इस्राएल ज्यू आणि एक विदुषी यांचे श्रम आहेत.

1811 : विल्यम कॅरी यांनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने केलेला मराठी ‘नवा करार’ बंगालमधील श्रीरामपूरला छापला गेला.

1832 : जॉन विल्सन यांचे मराठीतून हिब्रू व्याकरण मुंबईत प्रसिद्ध. बेने इस्राएलांना त्यातून मायबोलीत हिब्रू शिकता आली.

1847 : अमेरिकन मराठी मिशनने संपूर्ण मराठी बायबल छापले. या मिशनच्या शाळांत बेने इस्राएल शिक्षकही होते.

1874 : ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या रात्री वाचायचा ‘हग्गादा’ पुण्यात हिब्रू-मराठीत सचित्र निघाला. त्यातल्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडी नेसलेल्या आहेत.

1880 नंतर : अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथा बेने इस्राएलांनी मराठी कीर्तनातून रंगवल्या.

1924 : पंडिता रमाबाईंचे संपूर्ण बायबल त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. साध्या माणसांना, विशेषतः बायकांना समजेल अशी मराठी हा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमधील स्त्रियांनीच छपाईचे काम केले. मराठी स्त्रीच्या विद्वत्तेचा हा मोठा ठेवा प्रत्येक मराठी अभ्यासकाने आवर्जून पाहावा.