सांपडलेलें नाणें घासूं नका

शेत नांगरतांना, पूर ओसरल्यावर नदीकांठीं किंवा जुन्या वाड्याचा पाया खणतांना एखादें हिरवट, मातकट नाणें कधीं कधीं हातीं लागतें. तें घरीं येतांच आपला हात चिंचेकडे जातो. कारण देवाचीं उपकरणीं आणि तांब्याचे हंडे आपण तिनेंच लखलखीत करतों. मीही एकदां तसेंच केलें. एका विद्यार्थ्यानें शेतांत सांपडलेली शिवराई वर्गांत आणली होती. ती मीं चिंच-मीठ लावून घासली. तांबें चकाकलें खरें. परंतु ‘छत्रपति’ हीं अक्षरें, जीं आधीं पुसट तरी वाचतां येत होतीं, तीं पार नाहींशीं झालीं. “गुरुजी, अक्षरें कुठें गेलीं?” असें त्या मुलानें विचारलें. त्याचें उत्तर तेव्हां मला देतां आलें नाहीं. तें आज देतों.

जमिनींत पडलेल्या तांब्याचा पृष्ठभाग ओलावा, हवा व क्षार यांच्या योगानें पालटतो आणि त्यावर हिरवा थर चढतो. हा थर म्हणजे बाहेरची घाण नव्हे. तें नाण्याचेंच रूपांतर पावलेलें अंग होय. पुष्कळदां अक्षरांचे उंचवटे याच थरांत टिकलेले असतात. चिंचेंतील आम्ल तो थर विरघळवितें, आणि घासण्यानें उरलासुरला निघून जातो. मिठानें तर पुढेंही अपाय होतो. त्यांतील क्लोराइड तांब्यांत मुरलें कीं दमट हवेंत फिकट हिरवी भुकटी सुटूं लागते व नाणें पोखरत जातें.

नाण्यावरील पुसट रेषांचें मोल किती, याचें उदाहरण आपल्याकडीलच आहे. १९०६ सालीं नाशिक जिल्ह्यांत जोगळटेंभी येथें चांदीचीं १३,००० हून अधिक नाणीं सांपडलीं. तीं क्षत्रप नहपानाचीं होतीं. पण त्यांपैकीं ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा मारलेला होता. नव्या ठशाखालीं जुन्या मुद्रेच्या खुणा उरल्या, म्हणूनच त्या दोन सत्तांच्या झगड्याचा एवढा मोठा पुरावा हातीं आला.

मग करावें काय? प्रथम नाणें कोठें व कसें मिळालें तें लिहून ठेवावें आणि छायाचित्र घ्यावें. तांब्याचें नाणें ऊर्ध्वपातित पाण्यांत भिजत घालावें, पाणी रोज बदलावें, आणि सुटलेली माती मऊ कुंचल्यानें काढावी. सुई लावूं नये. नंतर नाणें पूर्ण वाळवून कागदी पाकिटांत, कोरड्या जागीं ठेवावें. भुकटी सुटलेलें नाणें इतरांपासून वेगळें करावें. सोन्याला साधें पाणी पुरे. चांदीचा काळा थर तसाच राहूं द्यावा. सातवाहनांचीं कांहीं नाणीं शिशाचीं आहेत. तीं मात्र भिजवूं नयेत, लांकडी पेटींतही ठेवूं नयेत. लांकडांतून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेनें शिशावर पांढरी पूड धरते, आणि ती विषारी असते.

आणखी एक गोष्ट. १८७८ च्या निखात निधि कायद्याप्रमाणें जमिनींत सांपडलेला ऐवज १० रुपयांहून अधिक किमतीचा असेल, तर कलेक्टरांस लेखी कळविणें हें सांपडणाऱ्याचें कर्तव्य आहे. धातुशोधक यंत्र घेऊन संरक्षित किल्ल्यांवर खणणें तर सर्वथा वर्ज्य.

माझ्या त्या विद्यार्थ्याचीं अक्षरें परत आणणें कोणाच्याही हातीं नाहीं. आपल्या घरांत एखादें असें नाणें असेल, तर त्याचीं अक्षरें अजून वांचवितां येतील.